ऍस्बेस्टॉस : पत्रा, धूळ आणि आजार

ऍस्बेस्टॉस हे एकाच पदार्थाचं नाव नाही, जमिनीतून निघणाऱ्या सहा तंतुमय खनिजांना मिळून हे नाव पडलंय. त्यातलं क्रायसोटाइल म्हणजे पांढरं ऍस्बेस्टॉस सगळ्यात जास्त वापरलं गेलं, त्याखालोखाल क्रोसिडोलाइट (निळं) आणि अमोसाइट (तपकिरी), आणि उरलेली तीन म्हणजे ट्रेमोलाइट, अँथोफायलाइट, ऍक्टिनोलाइट ही बहुतेक वेळा दुसऱ्याच खनिजात भेसळीसारखी येतात. आपल्याकडे मात्र ऍस्बेस्टॉस म्हटलं की एकच वस्तू डोळ्यापुढे येते, करड्या रंगाचा नागमोडी सिमेंटचा पत्रा. चाळीची पडवी, गोठा, कारखान्याची शेड, झोपडी, सायकल स्टँड, सगळीकडे तोच.

मुळात हा दगडच, पण कापसासारखा पिंजता येतो, त्याचं सूत निघतं, कापड विणता येतं, आणि ते कापड जळत नाही, कुजत नाही, वर स्वस्त. एवढे गुण एका दगडात सापडल्यावर कारखानदारांनी तो कशाकशात घातला याला मोजमाप नाही. १९००च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हाट्शेकने सिमेंटमध्ये ऍस्बेस्टॉसचे तंतू कालवून पातळ, मजबूत पत्रा करायची पद्धत शोधली आणि त्या मालाला नाव दिलं इटर्निट, म्हणजे कायम टिकणारा. पत्र्यात ऍस्बेस्टॉस साधारण ८ ते १० टक्केच असतं, बाकी सिमेंट वगैरे. पण पाण्याचे एसी (ऍस्बेस्टॉस-सिमेंटचे) पाईप, ड्रेनेजचे पाईप, ब्रेक लायनर, क्लच प्लेट, बॉयलरला गुंडाळायची दोरी, गॅस्केट, भट्टीवर काम करणाऱ्यांचे हातमोजे हे सगळं वेगळंच. शाळेच्या लॅबमध्ये तिकाटण्यावर ठेवायची ती तारेची जाळी आठवते का, मधे पांढरा गोल असलेली, तो गोलही पूर्वी ऍस्बेस्टॉसचाच असायचा आणि त्याचे पोपडे आपण नखाने काढत बसायचो.

सगळ्यात कहर म्हणजे अमेरिकेत १९५२ ते १९५६ या काळात केंट नावाच्या सिगरेटच्या फिल्टरमध्ये निळं ऍस्बेस्टॉस होतं. आणि जाहिरात काय तर हा फिल्टर तब्येतीला चांगला.

शरीरात काय होतं

अखंड पत्रा डोक्यावर नुसता आहे म्हणून कोणी आजारी पडत नाही, हे आधी सांगायला हवं कारण लोक एकतर उगाच घाबरतात नाहीतर अजिबातच मनावर घेत नाहीत. धोका धुळीत आहे. पत्रा कापला, त्याला भोक पाडलं, फोडला, घासला, किंवा जुना होऊन त्याचा वरचा थर झिजून पावडर सुटायला लागली की तंतू हवेत येतात. केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर क्रायसोटाइलचा सुटा तंतू त्याच्या हजारपट किंवा त्याहूनही बारीक असू शकतो, त्यामुळे तो दिसत नाही, वास नाही, नाकात चुरचुरत नाही. फुप्फुसाच्या पार टोकापर्यंत जातो. तिथे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्याला गिळायला जातात पण तंतू त्यांच्यापेक्षा लांब, अर्धवट गिळलेला तसाच राहतो, पेशी मरते, मरताना आजूबाजूला जळजळ करणारी द्रव्यं सोडते, मग दुसरी पेशी येते, आणि हे वर्षानुवर्षं चालू राहतं.

यातून पुढे आजार वेगवेगळे होतात. ऍस्बेस्टॉसिस म्हणजे फुप्फुसात व्रण साठून ती कडक होणं, जिना चढताना दम लागतो, कोरडा खोकला येतो, डॉक्टरने पाठीला स्टेथोस्कोप लावला की खाली चरचर ऐकू येते. तो बरा होत नाही, आणि धुळीतलं काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. फुप्फुसाच्या आवरणावर जाड चट्टे येतात, ते कधीकधी नुसत्या एक्स-रेत योगायोगाने सापडतात. फुप्फुसाचा कॅन्सर, स्वरयंत्राचा आणि बायकांमध्ये अंडाशयाचा कॅन्सर यांच्याशीही संबंध सिद्ध झालाय. आणि मेसोथेलिओमा, फुप्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कॅन्सर, जो एरवी फारच क्वचित होतो, तो दिसला की ऍस्बेस्टॉसचा संशय पहिला घ्यायचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने कामाच्या जागी आलेल्या ऍस्बेस्टॉसमुळे जगात वर्षाला २ लाखांहून जास्त माणसं मरतात.

बिडी-सिगरेटचा हिशोब वेगळाच लागतो. १९७९ साली अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांवरचा अभ्यास आला त्यात असं दिसलं की नुसत्या ऍस्बेस्टॉसमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरने मरण्याचं प्रमाण साधारण ५ पट, नुसत्या सिगरेटमुळे साधारण ११ पट, आणि दोन्ही असेल तर ५० पटीच्याही पुढे, म्हणजे बेरीज नाही, गुणाकारच. मेसोथेलिओमाला मात्र सिगरेटशी देणंघेणं नाही, निर्व्यसनी माणसालाही होतो.

या सगळ्यात मुख्य गोम आहे ती वेळेची. तंतू आत गेला आणि आजार दिसला यात २०, ३०, कधी ४० वर्षांच्या वर जातात. तोपर्यंत माणूस रिटायर झालेला असतो, कारखाना बंद पडून तिथे टॉवर उभा असतो, आणि दम लागतो म्हणून गेल्यावर वय झालं किंवा टीबी असेल असं सांगून पाठवतात. आपल्याकडे टीबी इतका की धुळीने गेलेल्या फुप्फुसावर टीबीचा कोर्स दिला जाणं हे काही नवीन नाही. तीस वर्षांपूर्वी तुम्ही कुठे काम करत होतात, एवढा एक प्रश्न विचारला तर बरंच उलगडतं पण तो ओपीडीच्या गर्दीत विचारायचा कुणी.

कळलं कधी

कळायला उशीर झाला असं म्हणतात ते अर्धंच खरं. इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ लहान वयापासून ऍस्बेस्टॉसचं सूत काढायच्या कामाला होती, १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी ती वारली, आणि डॉक्टर कुक यांनी तिच्या फुप्फुसातल्या धुळीबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. कंपनीने जबाबदारी नाकारली. १९३० मध्ये तिथल्या सरकारी तपासणीचा रिपोर्ट आला, १९३१ मध्ये कारखान्यातल्या धुळीवर नियम झाले. १९५५ मध्ये ब्रिटिश संशोधक रिचर्ड डॉल यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला. १९६० मध्ये वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या निळ्या ऍस्बेस्टॉसच्या खाणीच्या भागातले मेसोथेलिओमाचे ३३ पेशंट मांडले, आणि त्यातले कितीतरी जण खाणीत कधी उतरलेलेच नव्हते, नुसते लहानपणी तिथे राहिले होते.

१९६५ मध्ये लंडनमधून आलेला अभ्यास तर घराघरात पोचणारा आहे. मेसोथेलिओमाच्या ७६ पेशंटपैकी ९ जणांचा कारखान्याशी संबंध इतकाच की घरातलं कोणीतरी तिथे कामाला होतं, यात नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे झटकून धुणाऱ्या बायका होत्या. आणखी ११ जण फक्त कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत राहत होते. ऑस्ट्रेलियात विटेनूम नावाचं अख्खं गाव निळ्या ऍस्बेस्टॉसच्या खाणीवर उभं राहिलं, खाणीचा चुरा रस्त्यावर आणि शाळेच्या मैदानात पसरला जायचा, १९६६ मध्ये खाण बंद झाली, आणि नंतर सरकारने ते गाव नकाशावरून काढूनच टाकलं.

मुंबई आणि बाकी भारत

टर्नर अँड न्यूऑल, म्हणजे रॉचडेलच्या त्याच धंद्यातून वाढलेली ब्रिटिश कंपनी, तिने १९३०च्या दशकात भारतात पत्र्याचे कारखाने काढायला सुरुवात केली, मध्य प्रदेशात कैमोरला आणि आपल्या मुंबईत मुलुंडला. म्हणजे इंग्लंडमध्ये धुळीचे नियम झाले त्यानंतर. मुंबईत ब्रेक लायनर आणि ऍस्बेस्टॉसचं कापड वगैरे करणारेही कारखाने होते, आणि २००५ मध्ये मुंबईच्या अशाच एका मिलमधल्या कामगारांची तपासणी छापून आली, १८१ जण तपासले त्यात साधारण २२ टक्के लोकांना ऍस्बेस्टॉसिस निघाला. पाचातला एक. हे आकडे कामगार चळवळीतले लोक आणि एका म्युनिसिपल हॉस्पिटलचे डॉक्टर मागे लागले म्हणून बाहेर आले, नाहीतर आपल्याकडे अशी मोजणी सहसा होतच नाही, आणि मोजणी नाही म्हणजे आजार नाही असा सोयीचा अर्थ काढला जातो.

दुसरी जागा म्हणजे जहाज तोडायचे यार्ड, गुजरातमधलं अलंग आणि मुंबईत दारूखाना. जुन्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये पाईपांना ऍस्बेस्टॉस थापलेलं असतं, आणि तिथले कामगार बहुतेक उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाकडचे, काम संपलं की गावी, मग वीस वर्षांनी त्यांना काय झालं हे कोण बघणार. फ्रान्सची क्लेमेन्सो ही जुनी युद्धनौका अलंगकडे निघाली होती, तिच्यातल्या ऍस्बेस्टॉसवरून आपल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गोंधळ झाला आणि २००६ मध्ये फ्रान्सचे तेव्हाचे अध्यक्ष शिराक यांनी ती परत बोलावली. गॅरेज ही तिसरी जागा, तिच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. रिक्षाच्या नाहीतर ट्रकच्या ब्रेकचा ड्रम उघडायचा, हवेच्या पाईपने फुर्रकन धूळ उडवायची, बाजूला पोऱ्या उभा. आता ऍस्बेस्टॉस नसलेले लायनर मिळतात, पण उघडलेल्या ड्रममधला जुना लायनर कशाचा आहे ते बघून सांगता येत नाही.

कायद्याचं म्हणाल तर ऍस्बेस्टॉसिस सरकारला कळवायच्या रोगांच्या यादीत आहे. २७ जानेवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने ग्राहक संस्थेच्या केसमध्ये सांगितलं की कामगाराच्या तब्येतीचं रेकॉर्ड कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर संपेल तोपर्यंत ठेवायचं. निकाल चांगलाच, आजाराला लागणारा वेळ ओळखून दिलेला. पण कंत्राटी माणसाचं नाव मस्टरवरच नसेल तर रेकॉर्ड कशाचं ठेवणार. पुढे पूर्ण बंदी मागणारी याचिका आली ती २०११ मध्ये कोर्टाने फेटाळली.

आपला देश या बाबतीत विचित्र जागी उभा आहे. खाणींना नवीन लीज देणं १९८०च्या दशकातच थांबवलं, झारखंडमध्ये चाईबासाजवळच्या रोरो डोंगरावर १९८३ मध्ये सोडून दिलेल्या खाणीचा चुरा नंतर कित्येक वर्षं उताराने शेतात येत राहिला, पण बाहेरून आणायला बंदी नाही, आणि जगात सगळ्यात जास्त ऍस्बेस्टॉस आयात करणारा देश आपणच. माल मुख्यतः रशियाचा, मग कझाकस्तान आणि ब्राझील. ब्राझीलच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये स्वतःच्या देशात वापर बंद केला तरी तिथलं खनिज जहाजात बसून बाहेर जातच राहिलं. कॅनडानेही आधी हेच केलं, स्वतः जवळपास न वापरता आपल्याला विकलं, २०१८ मध्ये बंदी घातली, आणि क्यूबेकमधल्या ऍस्बेस्टॉस नावाच्याच गावाने २०२० मध्ये नाव बदलून घेतलं. आईसलँड १९८३, युरोपियन युनियन २००५, आणि अमेरिकेने तर क्रायसोटाइलवर बंदीचा नियम २०२४ मध्ये काढला. घातक रसायनांच्या जागतिक व्यापारावरच्या रॉटरडॅम करारात क्रायसोटाइल धोकादायक मालाच्या यादीत टाकायचा विषय वर्षानुवर्षं अडकलाय कारण तिथे सगळ्यांचं एकमत लागतं, भारत २०११ मध्ये हो म्हणाला होता, टाळ्या पडल्या, २०१३ मध्ये परत नाही म्हणाला.

पत्रेवाल्यांचं म्हणणं असं की पांढरं ऍस्बेस्टॉस निळ्याइतकं वाईट नाही आणि सिमेंटमध्ये पक्कं बांधलेलं असतं. पहिल्या अर्ध्या वाक्यात थोडं तथ्य आहे, निळं जास्त घातक आहेच, पण जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था सहाही प्रकार कॅन्सर करणाऱ्यांच्या पहिल्या गटातच धरते. आणि सिमेंटमध्ये बांधलेलं असतं हे पत्रा कापेपर्यंतच.

टाल्कम पावडरची गोष्ट इथेच सांगून टाकतो. टाल्क म्हणजे आपलं शंखजिरं, जमिनीत ते ट्रेमोलाइट ऍस्बेस्टॉसच्या शेजारी सापडू शकतं, म्हणून भेसळीची भीती. जॉन्सनच्या बेबी पावडरवर अमेरिकेत हजारो केसेस झाल्या, कंपनी आरोप नाकारत आली, पण टाल्कची पावडर २०२० मध्ये अमेरिका-कॅनडात आणि २०२३ मध्ये जगभर बंद करून मक्याच्या स्टार्चवर गेली. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) त्यांच्या मुलुंडच्या प्लांटचं लायसन्स रद्द केलं होतं ते पावडरच्या पीएचच्या (आम्लतेच्या मापाच्या) मुद्द्यावर, ऍस्बेस्टॉसवरून नाही, आणि तो आदेश पुढे हायकोर्टात टिकला नाही. लोक या दोन्ही गोष्टी एकात मिसळतात.

घरावर पत्रा असेल तर

धड असेल तर राहू द्यावा. त्यावर चढून घासू नये, तारेच्या ब्रशने शेवाळ काढू नये, रंग मारून थर बसवता येतो. डिश बसवायला भोक पाडायचं असेल तर दुसरीकडे बसवा. कोकणात जून २०२०च्या निसर्ग वादळात रायगडकडे घराघरांवरचे पत्रे उडाले, फुटले, आणि फुटलेले तुकडे अंगणात भर म्हणून टाकायचे, वाटेवर पसरायचे, मुलांनी त्याने जमिनीवर रेघा ओढायच्या ही सवय तर सगळीकडचीच. ते करू नये. उतरवायचाच असेल तर आधी पाणी मारून ओला करायचा, खिळे-हूक सोडवून अख्खा खाली घ्यायचा, ग्राइंडर लावायचा नाही, तुकडे ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये बांधायचे. तोंडाला रुमाल बांधून हे तंतू थांबत नाहीत, बारीक धुळीचा घट्ट बसणारा मास्क लागतो. आणि अंगावरचे कपडे घरात नेऊन झटकायचे नाहीत, बाहेरच बादलीत बुडवायचे.