आत्याचा हात हवेतच का थांबला?

गेल्या महिन्यात कोथरूडला एका ज्येष्ठ गायिकेचा कार्यक्रम होता. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, आणि पन्नास वर्षांपूर्वी गायलेली स्वतःचीच भावगीतं त्यांनी यावेळी जॅझमध्ये बसवून आणली होती. नाव लिहीत नाही, कारण मग सगळी चर्चा त्यांच्यावरच होईल आणि मला बोलायचंय ते ऐकणाऱ्यांबद्दल. स्टेजवर पियानो, डबल बेस, ड्रम्स आणि एक सॅक्सोफोन, तबला नाही, पेटी नाही. इंटरव्हलमध्ये वडे खाता खाता एक काका तावातावानं सांगत होते की आमच्या गाण्याची पार वाट लावली, आणि त्यांच्याच मागे उभी असलेली तिशीतली एक मुलगी डोळे पुसत होती. काही लोक तिथूनच घरी गेले, आणि जे थांबले त्यांनी शेवटी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

माझ्या शेजारी आत्या होती, वय सत्तर. ती काहीच बोलली नाही, पण मी तिचा हात बघत होते. गाणं केरव्यातलं, तिच्या कॉलेजच्या दिवसांतलं, आणि ती नेहमीसारखी मांडीवर ठेका धरून होती. ध्रुवपद संपून सम येते तिथं हात वर गेला आणि तसाच थांबला, कारण गाणाऱ्या बाईंनी तो शब्द सोडलाच नव्हता, त्या अजून आधीच्या सुरावर रेंगाळत होत्या. आत्यानं माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तेव्हा चेहरा कसा होतो तसा तो झाला होता.

तेव्हापासून हेच डोक्यात आहे की नक्की काय झालं तिला. जे वाचत गेले त्यातून मला पटलेली गोष्ट अशी की ते चिडलेले काका, ती रडणारी मुलगी आणि आत्या, तिघांच्या मेंदूत त्या क्षणी एकच गोष्ट घडली होती, अंदाज चुकला होता.

मेंदू गाणं नुसतं ऐकत नाही, तो सतत पुढचा सूर, पुढचा ठोका आधीच मांडून ठेवतो. आणि आवडीच्या गाण्याच्या बाबतीत ही मांडणी फार पक्की असते. डॅनियल लेव्हिटिन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये ४६ जणांना आवडतं गाणं आठवून म्हणायला सांगितलं, समोर वाद्य नाही, रेकॉर्ड लावलेली नाही, आणि त्यातल्या ४० टक्के लोकांनी दोन प्रयत्नांपैकी एकदा तरी थेट मूळ रेकॉर्डच्याच पट्टीत गाणं उचललं. हे खास निवडलेले गवई नव्हते बरं का. मग लयसुद्धा तपासली तर ७२ टक्के वेळा ती मूळ लयीपेक्षा फार तर ८ टक्क्यांनी कमीजास्त होती. आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात २०१९ मध्ये असं दिसलं की ओळखीचं गाणं मेंदूला १०० ते ३०० मिलिसेकंदात कळतं, म्हणजे पापणी लवेपर्यंत.

आता इथं एक गोम आहे. मुंबईत जन्मलेले जमशेद भरूचा नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी अपेक्षेचे दोन प्रकार वेगळे काढले. एक आयुष्यभर ऐकून ऐकून तयार झालेली सर्वसाधारण अपेक्षा, असा सूर आला की पुढे साधारण असा येतो, ही भाषेच्या व्याकरणासारखी. आणि दुसरी त्या एका गाण्याची, इथं हेच येतं, दुसरं काही नाही. नवीन गाणं ऐकताना पहिलीच काम करते, जुन्या गाण्याला मात्र दोन्ही एकदम चालू असतात.

म्हणूनच मला 'जुन्या लोकांना जॅझ कळत नाही' हे बोलणं पटत नाही. आत्या आयुष्यभर सी. रामचंद्रांच्या गाण्यांवर नाचत आलीये, आणि १९५१ च्या 'अलबेला'साठी त्यांनी गोव्याचे बँडवाले वादक घेऊन जे केलं त्यात जॅझ आणि लॅटिन ठेके भरपूर आहेत. पण ती गाणी तिनं ऐकली तीच मुळात तशी. जॅझ तिला परकं नाही, अडचण फक्त ते तिच्या गाण्यात आलं एवढीच. तिच्या पहिल्या अपेक्षेला काही धक्का नव्हता, जो बसला तो दुसरीला.

घरी पेटी किंवा मोबाईलवर कीबोर्डचं अ‍ॅप असेल तर एक करून बघा, सांगण्यापेक्षा कानाला लगेच कळेल. सा, ग आणि प एकदम दाबून धरा आणि वर तोंडानं ग म्हणा. ग कसा घरात बसल्यासारखा वाटतो. आता तोंडातला ग तसाच ठेवा आणि खाली फक्त प च्या जागी ध घ्या, म्हणजे ध, सा, ग. सूर तोच, पण थोडा उदास झाला ना? आता खाली म, ध, सा घ्या आणि वर तोच ग. आता तो अधांतरी आहे, कुठं तरी जायचंय पण गेलेला नाही. जॅझवाले मुख्यतः हेच करतात. चाल बरीचशी तशीच ठेवतात, तिच्या खालची जमीन बदलतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं चालच बदलली.

दुसरी गंमत लयीची. आपल्या साध्या केरव्यात मात्रेचे दोन अर्धे भाग जवळपास सारखे पडतात. जॅझच्या स्विंगमध्ये पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड, मध्यलयीत साधारण दोनास एक, म्हणजे मात्रेचे तीन भाग करा, दोन धरून ठेवा आणि तिसऱ्यावर पुढचा ठोका टाका. लय वाढली की हा फरक कमी कमी होत जातो. त्यात २०२२ मध्ये जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या संशोधकांनी दाखवलं की जॅझचा सोलो वाजवणारा ठोक्यावरचे सूर साथीपेक्षा सुमारे ३० मिलिसेकंद उशिरा टाकतो आणि मधले सूर मात्र साथीबरोबरच ठेवतो, आणि एवढ्याशा उशिरानं स्विंग जास्त झुलतो. कित्येक वादकांना हे आपण करतोय हे माहीतही नसतं. शब्द मागं रेंगाळवून म्हणणं ही याचीच खूप मोठी आवृत्ती, आणि आत्याचा हात अडकला तो तिथंच.

मग हा चुकलेला अंदाज एकाला गोड आणि दुसऱ्याला कडू का लागतो? माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २०११ मध्ये ८ जणांच्या मेंदूचं स्कॅनिंग झालं, सगळे असे की आवडत्या संगीतानं अंगावर काटा येतोच येतो. दिसलं असं की काटा येण्याच्या काही सेकंद आधीच, नुसत्या वाट बघण्यात, मेंदूच्या कॉडेट नावाच्या भागात डोपामिन, म्हणजे आनंदाशी जोडलेलं मेंदूतलं रसायन, सुटत होतं, आणि प्रत्यक्ष क्षणाला दुसऱ्या भागात, न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्समध्ये. म्हणजे आता येणार, आता येणार हाच अर्धा आनंद. गाणाऱ्यानं ते लांबवलं तर आनंद ताणला जातो, पण शेवटी ते यायला हवं! काकांना वाटत होतं आलंच नाही.

२०१९ मध्ये जर्मनीतच लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या मंडळींनी अमेरिकेतल्या ७४५ लोकप्रिय गाण्यांमधले ८०,००० कॉर्ड, म्हणजे वर पेटीवर दाबले तसे एकदम वाजणारे सूर, तपासले आणि मग लोकांना ऐकवून विचारलं किती छान वाटलं. ऐकणाऱ्याला पुढचं काय याची खात्री असेल तर अनपेक्षित कॉर्ड सुखावतो, आणि तो गोंधळलेला असेल तर उलट अपेक्षित कॉर्ड सुखावतो. मला हे वाचून तो सगळा हॉल डोळ्यांसमोर आला. जिथं पियानोवाल्यानं दोन ओळी साध्या ठेवून तिसरीला जमीन बदलली तिथं हॉलमधून 'आहा' आलं, आणि जिथं ठेका, कॉर्ड, शब्दांची फेक सगळं एकदम हललं तिथं खुर्च्या करकरायला लागल्या, कारण धरून ठेवायला काहीच उरलं नव्हतं. त्या मुलीला जॅझची सवय असणार, तिच्यासाठी तिथंही कठडा होता.

आणि ते 'बेसूर वाजवतात' म्हणणाऱ्यांबद्दल. जवळजवळचे सूर एकदम वाजले की ते एकमेकांशी घासतात, हे भौतिकशास्त्र झालं. पण ते घासणं वाईट वाटणं जन्मजात असेलच असं नाही. २०१६ मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांना दोन्ही तऱ्हेचे सूरमेळ ऐकवले, पाश्चात्त्य संगीत त्यांच्या कानावर फारसं पडलेलं नाही, आणि त्यांनी गोड आणि घासणाऱ्या मेळांना सारखेच गुण दिले.

आता पट्टीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त लागलं ते 'बाईंचा आवाज गेलाय म्हणून जॅझचा आडोसा घेतलाय' हे कानावर आलेलं वाक्य. मी ट्यूनरवर दोन्ही रेकॉर्डिंग तपासली. जुनं काळी चारमध्ये, षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ, आणि आताचं पांढरी चार, सुमारे १७५. पेटीवर तीन पट्ट्या खाली. रजोनिवृत्तीनंतर हार्मोन्स बदलतात, स्वरतंतू जाड होतात, बायकांचा आवाज खाली उतरतो, पुरुषांचे म्हातारपणी पातळ होतात आणि आवाज थोडा वर चढतो. पंचाहत्तरीत जुन्या पट्टीतच गायला लावणं हा गळ्यावर अन्याय आहे. कॅनडाच्या जोनी मिचेल यांनी पंचविशीत रेकॉर्ड केलेलं स्वतःचं गाणं २००० साली, छप्पन्नाव्या वर्षी, मोठा वाद्यवृंद आणि वेन शॉर्टर, हर्बी हॅनकॉकसारखे जॅझवादक घेऊन परत गायलं, खूप खालच्या आवाजात, खूप सावकाश, आणि त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं. तरुणपणी आयुष्याबद्दल लिहिलेले शब्द त्या उतरलेल्या आवाजातच खरे वाटतात असं मला मनापासून वाटतं.

शिवाय हे सगळं पुण्यात व्हावं याचंही नवल वाटतं. सवाई गंधर्वला आपण थंडीत शाली पांघरून बसतो, तीच बंदिश, तोच राग, आणि गायकानं गेल्या वेळेसारखंच गायलं तर आपणच म्हणतो काही नवीन नाही. मग भावगीतच का हलायचं नाही? कारण बंदिश आपण शंभर गळ्यांतून ऐकलेली असते, तिची एकच अशी प्रत मेंदूत बसत नाही. भावगीत मात्र तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीवरून आलं, रेडिओवर हजार वेळा तसंच्या तसं वाजलं, आणि तेही दहा ते तिशीच्या वयात, ज्या काळातली गाणी आणि आठवणी माणसाला पुढं आयुष्यभर सगळ्यात जास्त येतात. त्यामुळं त्यातला श्वाससुद्धा पाठ. काकांचा राग म्हणूनच मला खोटा वाटत नाही.

ओळख वाढली की आवड वाढते हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच दाखवलंय, कितीतरी गोष्टी नुसत्या परत परत समोर आल्या की बऱ्या वाटायला लागतात. म्हणून मी आत्याच्या मोबाईलवर ते जॅझमधलं गाणं टाकून दिलं, ऐकच असा आग्रह नाही केला. परवा गेले तर ती मेथी निवडत बसली होती आणि ओट्यावर तेच लावलेलं. ध्रुवपद आलं, हात वर गेला, बाई रेंगाळल्या, हातही रेंगाळला, आणि दोघी बरोबर खाली आल्या. मी म्हटलं, आवडायला लागलं की काय? "छे गं, खरं गाणं तबल्यावरचंच," ती म्हणाली, आणि मग काड्या बाजूला सारत, "पण त्या थांबतात ना तेवढं परत लाव, माझे हात मातीचे आहेत."