आजार नाही, पण जिवाणू आहे

भलत्याच कारणासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा गुदद्वारातून स्वॅब घेतला जातो आणि दोन-तीन दिवसांनी अहवाल येतो: ‘ईएसबीएल ई. कोलाय आढळले’. ताप नाही, जुलाब नाहीत, पोटदुखी नाही. नातेवाईक विचारतात, औषध कधी सुरू करणार? डॉक्टर म्हणतात, औषध नको. ऐकायला विचित्र वाटतं, पण उत्तर बरोबर आहे.

ई. कोलाय हा जवळपास प्रत्येकाच्या मोठ्या आतड्यात राहतो. तिथल्या एकूण जिवाणूंत त्याचा वाटा सहसा एक टक्क्याहूनही कमी असतो. ईएसबीएल हे त्यातले काही जिवाणू बनवतात ते विकर (एन्झाइम). पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन गटातली बहुतेक औषधं ते तोडून टाकतं, रुग्णालयात सर्रास वापरलं जाणारं सेफ्ट्रिॲक्सोनसुद्धा. पण औषधाला दाद न देणं वेगळं आणि आजार घडवणं वेगळं. आतड्यात हा जिवाणू गप्प बसून असतो. कॅथेटरच्या (लघवीच्या नळीच्या) वाटेने तो मूत्रमार्गात शिरला किंवा शस्त्रक्रियेनंतर रक्तात उतरला, की मग नेहमीची औषधं हात टेकतात. त्या वेळी आधीचा अहवाल हाताशी असेल तर डॉक्टर पहिल्याच दिवशी योग्य औषध निवडू शकतात. स्वॅबचा मुख्य उपयोग हा, आणि दुसरा म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला जपणं.

असे जिवाणू फक्त रुग्णालयातच तयार होतात, हा समज मात्र सोडायला हवा. व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाला न जुमानणाऱ्या एंटेरोकोकस या आतड्यातल्या जिवाणूची गोष्ट याबाबतीत मला सर्वांत बोलकी वाटते. १९८८ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधून त्याच्या पहिल्या नोंदी आल्या. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या अतिदक्षता विभागांत त्याने धुमाकूळ घातला, तरी तिथल्या रुग्णालयाबाहेरच्या निरोगी लोकांत तो जवळजवळ सापडतच नव्हता. युरोपात चित्र नेमकं उलटं: रुग्णालयांत संसर्ग कमी, पण धडधाकट माणसांच्या, कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या आतड्यांत तो आरामात नांदत होता.

कारण खाद्यात होतं. जनावरांची वाढ लवकर व्हावी म्हणून युरोपात अव्होपार्सिन नावाचं प्रतिजैविक पशुखाद्यात मिसळत. रासायनिकदृष्ट्या ते व्हॅन्कोमायसिनचं भावंडच, त्यामुळे एकाला पचवायला शिकलेला जिवाणू दुसऱ्यालाही पचवायचा. अमेरिकेत अव्होपार्सिनला परवानगीच नव्हती, पण तिथल्या रुग्णालयांत व्हॅन्कोमायसिनचा वापर प्रचंड होता. डेन्मार्कने १९९५ मध्ये अव्होपार्सिनवर बंदी घातली, १९९७ मध्ये संपूर्ण युरोपीय संघाने. जर्मनीतल्या एका पाहणीत हा जिवाणू बाळगणाऱ्या निरोगी लोकांचं प्रमाण १९९४ मध्ये १२ टक्के होतं, ते १९९७ पर्यंत ३ टक्क्यांवर आलं. एकाही माणसावर उपचार न करता!

औषधाला प्रतिकार करणारे जनुक एका जातीपुरते राहत नाहीत, हेही लक्षात ठेवायला हवं. अनेकदा ते प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर बसलेले असतात आणि ते वर्तुळ एक जिवाणू दुसऱ्याला देतो. आमांशाच्या शिगेला जिवाणूकडून ई. कोलायकडे असा प्रतिकार जातो, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं.

मग सगळं आतडं असल्या जिवाणूंनी भरून का जात नाही? गर्दीमुळे. खचाखच भरलेल्या डब्यात नव्या प्रवाशाला पाय ठेवायला जागा मिळत नाही, तसं इथलं आहे. जुने रहिवासी अन्न आधीच फस्त करतात आणि नवख्याला न मानवणारी आम्लंही सोडतात. १९५४ मध्ये मार्जरी बॉनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. एरवी उंदराला संसर्ग व्हायला साल्मोनेलाचे सुमारे एक लाख जिवाणू लागत. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाचा एक डोस दिल्यावर दहाहून कमी पुरले.

रुग्णालयातल्या रुग्णाची अडचण इथेच आहे. प्रतिजैविकांच्या माऱ्याने त्याच्या आतड्यातली गर्दी पांगलेली असते, आणि एरवी टक्काभरही नसलेला जिवाणू मोकळ्या जागेत बेसुमार वाढतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कमधल्या अभ्यासात, अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या ज्या रुग्णांच्या आतड्यात एंटेरोकोकसचं वर्चस्व झालं होतं, त्यांच्यात व्हॅन्कोमायसिनला दाद न देणारा एंटेरोकोकस रक्तात उतरण्याचा धोका नऊ पट आढळला. नुसत्या बाळगणाऱ्याला प्रतिजैविक देणं म्हणजे त्या जिवाणूला आणखी जागा करून देणं.

निरोगी माणसात ही गर्दी बहुधा आपलं काम स्वतःच करते. नेदरलँड्समधून परदेशी गेलेल्या सुमारे २,००० प्रवाशांच्या अभ्यासात, आधी ईएसबीएल जिवाणू नसलेल्यांपैकी एक तृतीयांश लोक ते घेऊन परतले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांत तर चारातले तीन. त्यांतल्या निम्म्यांच्या आतड्यातून ते महिनाभरात नाहीसे झाले. सुमारे ११ टक्के लोकांत ते वर्षानंतरही होते, आणि काही घरांत तोवर प्रवासाला न गेलेल्या माणसाकडेही पोहोचले होते.