वसतिगृहापासून 'मेंटॉर'पर्यंत : खानदेशातील युवा-मार्गदर्शन स्वयंसेवेची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तरुणांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांच्या बोलण्यात 'मेंटॉर' हा शब्द आता रुळला आहे. महाविद्यालयात शिकणारा किंवा नुकताच नोकरीला लागलेला एखादा तरुण ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी शाळकरी वयाच्या एका मुलाला किंवा मुलीला भेटतो. तो अभ्यासाची विचारपूस करतो, दहावीनंतरच्या वाटा समजावतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरून घेतो, घरच्यांचा शिक्षणाला विरोध असेल तर त्यांच्याशी बोलायचे कसे हे सुचवतो आणि या कामाचे मानधन घेत नाही. वरवर पाहता काम एवढेच आहे. ते आपल्याकडे परदेशातून आले असे सहज म्हटले जाते. ज्या आखीव स्वरूपात आज ते चालते, त्या स्वरूपापुरते ते खरेही आहे. परंतु ते ज्या मातीत रुजले, ती माती खानदेशात फार आधीपासून तयार होत होती.

आखीव स्वरूपाचा उगम न्यूयॉर्कमधला आहे. तेथील बालन्यायालयात कारकून असलेल्या अर्नेस्ट कूल्टर यांनी १९०४ मध्ये, न्यायालयात पुन्हा पुन्हा उभ्या राहणाऱ्या मुलांपैकी एकेकाशी एकेका प्रौढाने मैत्री करावी, असे आवाहन केले आणि त्यातून 'मोठा भाऊ' ही कल्पना उभी राहिली. मुलींसाठी असेच काम त्याच शहरातील स्त्रियांनी १९०२ मध्ये सुरू केले होते. पुढे १९७७ मध्ये या दोन्ही धारा 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स ऑफ अमेरिका' या एका संस्थेत मिळाल्या. एका मुलामागे एक प्रौढ, ठरावीक काळाची बांधिलकी आणि संस्थेची देखरेख ही या पद्धतीची तीन अंगे आजही जवळपास सगळीकडे दिसतात.

खानदेशात हीच भावना वेगळ्या घरात वाढली आणि ते घर म्हणजे वसतिगृह. गावात चौथीपर्यंतची शाळा आणि पुढच्या शिक्षणासाठी तालुक्याचे किंवा जिल्ह्याचे ठिकाण, अशी परिस्थिती असताना शेतकऱ्याच्या मुलाने शिकायचे म्हणजे घर सोडणे ओघाने आलेच. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये शिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे तेथील वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. ते मूळचे कोकणातले, पालगडचे. औंध आणि पुणे येथे परक्या घरी राहून, अर्धपोटी शिकण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यामुळे घरापासून दूर असलेल्या मुलाला नेमके काय कमी पडते, हे त्यांना कुणी सांगावे लागले नाही. मुलांच्या खोल्या झाडणे, आजारी मुलाच्या उशाशी बसणे, मुले शाळेत गेल्यावर त्यांचे पसरलेले सामान आवरून ठेवणे, ही कामे त्यांनी स्वतः केली. 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक ते वसतिगृहातल्या मुलांसाठी लिहून काढीत. पुढे त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिकही चालवले. १९३० मध्ये सविनय कायदेभंगात उतरण्यासाठी त्यांनी नोकरी सोडली. म्हणजे अमळनेरची ही शिक्षकी सारी मिळून सहा वर्षांची. पण 'गुरुजी' हा शब्द खानदेशात त्यांच्या नावाला जो चिकटला, तो याच सहा वर्षांमुळे.

येथे थोडे थांबून हे पाहिले पाहिजे की आजच्या मार्गदर्शन-संस्था जे प्रशिक्षणात शिकवतात, त्यातले पुष्कळसे त्या वसतिगृहात आपोआप घडत होते. उपदेश करण्याआधी ऐकणे, मुलाच्या रोजच्या अडचणीपासून सुरुवात करणे, त्याला रागे न भरता त्याच्यासमोर ते काम स्वतः करून दाखवणे, हे सगळे तेथे होते. फरक एवढाच की गुरुजी मुलांबरोबर चोवीस तास राहत होते आणि आजचा स्वयंसेवक आठवड्यातला एक तास देतो. हा फरक लहान नाही. एकत्र राहण्याने जो विश्वास नकळत तयार होतो, तो एका तासाच्या भेटीतून तयार करायचा असेल तर ती भेट चुकता कामा नये, हे त्यातून उघडच येते.

स्वातंत्र्य चळवळीने या वैयक्तिक जिव्हाळ्याला सामूहिक शिस्तीची जोड दिली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनी उतरून घेतली. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्याने लहानांना घेऊन नियमाने बसावे, हा शिरस्ता अशा तुरुंगांतल्या बैठकांतूनही पक्का झाला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा त्याच्या तयारीत खानदेशातील तरुण मोठ्या संख्येने उतरले आणि 'स्वयंसेवक' हा शब्द गावोगावच्या घरांत पोहोचला. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल या मुला-तरुणांच्या संघटनेची उभारणी झाल्यावर थोड्या मोठ्या मुलाने लहान मुलांची शाखा चालवावी ही रीत आली. शाखेत सगळे एकमेकांना दादा आणि ताई म्हणत. आजही संस्थांच्या कागदावर 'मेंटॉर' लिहिलेले असले तरी मुलांच्या तोंडी दादा आणि ताईच असतात.

सातपुड्याची कथा निराळी आहे आणि ती या परंपरेला पुरवणी म्हणून जोडणे अन्यायाचे होईल. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहादा-तळोदा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्याने जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नावर लोकांना उभे केले, १९७२ मध्ये तेथे श्रमिक संघटना स्थापन झाली आणि शहरांतून आलेले सुशिक्षित तरुण त्या कामात सामील झाले. गावातल्या तरुणांची शिबिरे घेणे हा त्या चळवळीचा महत्त्वाचा भाग होता. नंतर नर्मदाकाठच्या गावांत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नर्मदा बचाव आंदोलनाच्या जीवनशाळा सुरू झाल्या, तेव्हा शिकवण्याचे काम बव्हंशी त्याच भागातल्या, त्यांच्याच बोलीत बोलणाऱ्या तरुणांनी उचलले. मदत करणारा वरून आलेला नसावा, तो आपल्यातलाच आणि दोन पावले पुढे गेलेला असावा, ही गोष्ट सातपुड्याने शिकवली. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आणि साक्षरता सुमारे ६४ टक्के होती, तर राज्याची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. ज्या घरातले पहिलेच मूल दहावीला बसते, त्या मुलाला पावरी किंवा भिलोरी ही आपली बोली समजणाऱ्या ताईचा किती आधार वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको.

महाविद्यालयांमार्फत हे काम पसरले ते राष्ट्रीय सेवा योजनेमुळे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी देशातील ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली आणि १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ झाल्यावर तिची व्यवस्था खानदेशातच आली. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर हे तिचे मोजमाप आहे. रस्ता दुरुस्तीला किंवा वृक्षारोपणाला हे मोजमाप पुरते. एका मुलाशी नाते जोडायला पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मताला संशोधनाचाही आधार आहे. अमेरिकेतील वर उल्लेखिलेल्या संस्थेच्या कार्यक्रमात सहभागी झालेल्या मुलांवर आधी झालेल्या संशोधनाची माहिती पुन्हा तपासून २००२ मध्ये जो निष्कर्ष मांडला गेला, त्यानुसार एक वर्ष किंवा त्याहून अधिक टिकलेल्या जोड्यांमध्ये मुलांना सर्वाधिक लाभ झाला, तर पहिल्या काही महिन्यांतच तुटलेल्या जोड्यांमध्ये काही मुलांचा आत्मविश्वास आधीपेक्षाही खालावला. खानदेशासाठी हा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे, कारण येथे दोन्ही बाजूंनी माणसे गाव सोडतात. दिवाळीच्या सुमारास धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात आणि मुले बरोबर जातात. इकडे मार्गदर्शन करणारा तरुण स्वतःच स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला किंवा नोकरीसाठी नाशिकला, सुरतेला निघून जातो. जून ते मार्च असे शालेय वर्ष धरून आखलेला कार्यक्रम त्यामुळे मध्येच तुटतो आणि नेमक्या ज्या मुलांना सोबतीची गरज सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला अर्धवट सोबत येते.

दुसरा बदल सुरक्षिततेचा आहे. वसतिगृहाच्या काळात माणसाच्या लौकिकावर विसंबून मुले त्याच्या हवाली केली जात. २०१२ मध्ये बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आला आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेला आपली रीत तपासून पाहावी लागली. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२१ मध्ये शालेय विद्यार्थ्यांसाठी मोठ्या प्रमाणावर मेंटॉर योजना सुरू केली, तेव्हा मेंटॉरांची पार्श्वभूमी पुरेशी तपासली जात नाही, असा आक्षेप राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने घेतला होता. ओळखपत्र, पोलीस पडताळणी, पालकांची लेखी संमती आणि भेट शाळेत किंवा इतरांच्या नजरेसमोर होण्याची अट या गोष्टी नव्या स्वयंसेवकाला जाच वाटण्याची शक्यता असली, तरी यातली एकही गोष्ट सैल करण्यासारखी नाही.

राहतो तो स्थलांतराचा प्रश्न, आणि त्याला न्यूयॉर्कच्या नमुन्यात उत्तर नाही. सातपुड्यातली ऊसतोडीला गेलेली माणसे होळीला गावी येतात. तेव्हा पालकांशी पहिली भेट होळीच्या दिवसांत घ्यावी, मूल बाहेरगावी असताना फोनवरून बोलण्याचा वार ठरवून द्यावा, आणि जाणाऱ्या दादाने आपल्या जागी येणाऱ्याची ओळख मुलाला समोरासमोर करून दिल्याशिवाय त्या दादाला मोकळे करू नये, अशी रचना येथल्या संस्थांना स्वतःच बसवावी लागेल.