आवाज येतोय का? व्हीआर वर्गातल्या ऐकण्या-बोलण्यासाठी आमच्या ग्राहकांना काही सूचना

आमच्याकडून क्वेस्ट हेडसेट (डोळ्यांवर घालायचं व्हीआरचं, म्हणजे आभासी जगात नेणारं यंत्र) विकत किंवा भाड्याने नेणारे बरेच ग्राहक तो भाषेच्या सरावासाठी नेतात. क्लासमध्ये जर्मन, जपानी शिकायचं आणि संध्याकाळी व्हीआरचॅटवर, म्हणजे आभासी जागेत लोकांना भेटून बोलायच्या ॲपवर, त्या भाषेत बोलणाऱ्यांच्या गटात जाऊन जीभ मोकळी करायची. अशा ग्राहकांचे फोन बहुधा चित्राबद्दल नसतात, आवाजाबद्दल असतात. ‘मला ऐकू येत नाही’ आणि ‘मी बोलतो ते कुणालाच ऐकू जात नाही’ या दोन तक्रारींसाठी हे पत्रक. ॲपच्या अपडेटबरोबर मेनूतली नावं थोडी इकडची तिकडे होतात, तेव्हा शब्द जुळला नाही तर स्पीकरचं आणि माइकचं चिन्ह शोधा.

आधी दोन पावलं पुढे

व्हिडिओ कॉलवर समोरचा कुठेही बसला असला तरी त्याचा आवाज सारखाच येतो. त्या सवयीमुळे व्हीआरमध्ये गोंधळ होतो, कारण इथे अंतराला किंमत आहे. लांबचा माणूस हळू ऐकू येतो, जवळचा मोठ्याने. डावीकडून कुणी बोललं तर आवाज डाव्या कानात आधी पोचतो आणि उजव्या कानात जरा नंतर. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, पण तेवढ्यावरून आपल्याला दिशा कळते. ॲप अशाच खुणांची नक्कल करतं.

व्हीआरचॅटमध्ये, वर्ल्ड (लोक जमतात ती आभासी जागा) बनवणाऱ्याने वेगळं काही ठरवलं नसेल तर, माणसाचा आवाज 25 मीटरपर्यंतच पोचतो. त्यापलीकडे शिक्षकांचे नुसते हातवारे दिसतात. म्हणून सर पुटपुटताहेत असं वाटलं की आवाज वाढवण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. शिकवणाऱ्यांनी वर्ग रांगांमध्ये उभा न करता अर्धवर्तुळात उभा करावा, म्हणजे मागचा बाक हा प्रकारच उरत नाही. काही वर्ल्डमध्ये मंचावर उभं राहिलं की आवाज सगळीकडे पोचतो. मोठ्या वर्गासाठी तसंच वर्ल्ड निवडा.

टाकी, कॉक, नळ

जवळ जाऊनही ऐकू येत नसेल तर इमारतीतल्या पाण्यासारखं शोधत या. टाकीचा व्हॉल्व्ह म्हणजे हेडसेटवरचं आवाजाचं बटण. मजल्यावरचा कॉक म्हणजे ॲपमधला मास्टर आवाज. आणि घरातले नळ म्हणजे त्याखालच्या वेगवेगळ्या पट्ट्या: वर्ल्डचा आवाज, माणसांचे आवाज, अवतारांचे (माणसं तिथे घेतात त्या रूपांचे) आवाज, मेनूची टिकटिक. वरचा व्हॉल्व्ह बंद असेल तर खालचा नळ कितीही फिरवून उपयोग नाही.

आमचा सल्ला: मास्टर भरपूर ठेवा, माणसांचे आवाज पूर्ण ठेवा आणि वर्ल्डचा आवाज अगदी कमी करा. जपानी चहाच्या दुकानाचं वर्ल्ड असलं की मागे पाऊस आणि पियानो चालूच. दोन मिनिटं छान वाटतं, मग क्रियापदाचा शेवट ऐकू येत नाही. अवतारांचे आवाजही कमी करा. कुणीतरी भोंगा वाजवणारा अवतार घालून येतोच. एकच माणूस फार मोठ्याने किंवा फार हळू बोलत असेल तर त्याच्यावर निर्देश करून फक्त त्याचा आवाज कमी-जास्त करता येतो, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. आणि गर्दीच्या वर्ल्डमध्ये चौघांत बोलायचं असेल तर ‘इअरमफ’ची सोय चालू करा. तुमच्याभोवतीच्या ठरावीक अंतरापलीकडचे आवाज तेवढे दबतात.

तुमचं बोलणं पोचत नसेल तर

क्रम असा ठेवा. क्विक मेनूतल्या माइकच्या चिन्हावर काट मारलेली दिसते का ते पाहा. नसेल तर हेडसेटच्या सेटिंगमध्ये ॲपला माइकची परवानगी आहे का ते तपासा. पहिल्यांदा ॲप उघडताना घाईत ‘नको’ दाबलं गेलेलं असू शकतं. तिसरी जागा लोकांच्या लक्षातच येत नाही: क्वेस्टवर तुम्ही मित्राबरोबर पार्टी कॉलवर असाल तर तुमचा माइक त्या कॉलकडे गेलेला असू शकतो. वर्गात तुम्ही मुके आणि तिकडे मित्राला अख्खा जर्मन धडा ऐकू येतोय. कॉल बंद करा किंवा माइक ॲपकडे वळवा. खात्री करायला समोरच्याला विचारा, ‘मी बोलताना माझ्या नावाची पट्टी उजळते का?’ उजळत असेल तर तुमच्याकडचं काम झालं, मग त्यांना त्यांचे नळ तपासू द्या.

आवाज जातोय पण तुटक, असं असेल तर माइक कितपत आवाजाला जागा व्हावा, ती मर्यादा वर गेलेली असते. मग शब्दाचा पहिला तुकडा गिळला जातो. ‘हो’ म्हटलं की समोर ‘ओ’ पोचतं, ‘धन्यवाद’चं ‘न्यवाद’ होतं. मर्यादा थोडी थोडी खाली आणा. पंख्याने माइक सारखा उघडायला लागला की एक पायरी वर जाऊन थांबा.

पंख्याचा विषय निघालाच आहे तर: खालच्या बाजूच्या माइकवर वाऱ्याचा झोत थेट येईल अशी खुर्ची ठेवू नका. नॉइज सप्रेशन, म्हणजे माइकमधला गोंगाट गाळायची सोय, पंख्याची एकसुरी घरघर बरीच कापतं, पण ते हळू आवाजही कापतं. जर्मन ‘इश’मधला शेवटचा श्वासाचा आवाज त्यात जातो आणि मग शिक्षक उच्चार सुधारायला सांगत बसतात. उच्चाराच्या तासाला शक्य असेल तर पंखा बंद करून सप्रेशनही बंद करा. तबला-पेटी ऐकवायची असेल तर ते बंदच हवं, कारण वाद्याच्या आवाजाला ते गोंगाट समजू शकतं.

एका खोलीत अनेक हेडसेट

क्लासचालकांनी हे नीट वाचावं. एका खोलीत दहा विद्यार्थी हेडसेट घालून बसले की शेजाऱ्याचा आवाज एकदा थेट कानावर येतो आणि नंतर, इंटरनेटवरून फिरून, हेडसेटमधून. शिवाय क्वेस्टचे स्पीकर उघडे असतात, त्यामुळे एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो आणि घुमायला लागतो. सेटिंगने हे पूर्ण जात नाही. सगळ्यांना इअरफोन द्या, आणि एका वेळी एकाचाच माइक चालू ठेवायची शिस्त लावा. दोन खोल्या असतील तर मुलं वाटून बसवा.

इअरफोन वायरचेच घ्या. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो आणि संभाषणात लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. क्वेस्ट 2 आणि क्वेस्ट 3 ला 3.5 मिलिमीटरची पिन बसते. क्वेस्ट 3एस ला ती जागाच नाही, तेव्हा त्या मॉडेलसाठी काय घ्यायचं ते खरेदीआधी आम्हाला विचारा.

मुलं आणि कान

व्हीआरचॅटची किमान वयाची अट 13 वर्षं आहे. लहान भावंडांना त्यावर बसवू नका. ऐकण्याच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन मोठ्यांसाठी आठवड्याला 40 तास, 80 डेसिबलपर्यंत, आणि मुलांसाठी तेवढाच वेळ 75 डेसिबलपर्यंत असं आहे. घरी डेसिबल मोजत कोण बसणार? म्हणून आम्ही साधी खूण सांगतो: हेडसेट घातलेल्या मुलाला हातभर अंतरावरून नेहमीच्या आवाजात हाक मारा. ती ऐकू गेली नाही तर आवाज कमी करा.

मध्येच घरातल्या कुणाशी बोलायचं असेल तर आधी माइक म्यूट करा आणि मगच हेडसेट कपाळावर सरकवा. आतला सेन्सर कधी कधी कपाळालाच चेहरा समजतो आणि माइक चालूच राहतो. भाजीचा हिशेब वर्गभर ऐकू गेल्याचे प्रसंग आमच्या कानावर आले आहेत.

एवढं करूनही अडलं तर आम्हाला फोन करा. फोन करताना हेडसेट चार्ज केलेला आणि हातात असू द्या, मॉडेल कोणतं ते पाहून ठेवा, आणि त्रास एकाच वर्ल्डमध्ये होतो की सगळीकडे हे सांगा. एकाच वर्ल्डमध्ये होत असेल तर हेडसेट दुकानात आणायची गरज नाही.