सेप्सिसमधल्या प्लेटलेट्स: उशिरा उमगलेलं एक काम

पावसाळा सरत आला की नागपुरात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांत एकच प्रश्न कानावर येतो, ‘आज प्लेटलेट्स किती?’ दीड ते साडेचार लाख म्हणजे नॉर्मल. आकडा घसरला की कुणी पपईच्या पानांचा रस करतो, कुणी किवी आणतो, कुणी एसडीपीच्या (एकाच दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्सच्या) पिशवीसाठी व्हॉट्सॲपवर डोनर शोधतो. धास्ती असते ती रक्तस्रावाची. मेडिकल किंवा मेयो या इथल्या सरकारी रुग्णालयांच्या आयसीयूत सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला प्रतिसाद बेबंद होऊन अवयव निकामी होऊ लागलेला रुग्ण असतो, तेव्हाही हा आकडा रोज पाहिला जातो, पण तिथे त्याचा अर्थ निराळा असतो. तो अर्थ वैद्यकशास्त्राला कळायलाच शंभर वर्षं लागली.

1882 साली इटलीतल्या तुरिनच्या जुलिओ बिझोझेरो यांनी जिवंत प्राण्याच्या बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळल्या. वाहिनीला इजा झाली, की तिथे आधी प्लेटलेट्स चिकटतात, हे त्यांनी दाखवलं. पुढे बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी या पेशी अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींचे तुटलेले तुकडे असल्याचं सांगितलं. केंद्रक नाही, आकार दोन-तीन मायक्रॉन, आयुष्य आठ-दहा दिवसांचं. अशा तुकड्याकडून रक्त थांबवण्यापलीकडे कुणी अपेक्षाच ठेवली नाही.

खरं तर इशारा 1901 सालीच मिळाला होता. लेवादिती या संशोधकाने सशांच्या रक्तात कॉलऱ्याचे जंतू सोडले, तेव्हा प्लेटलेट्स त्या जंतूंभोवती गोळा झाल्या. जखम नसताना प्लेटलेट्स जंतूंकडे का जाव्यात, हा प्रश्न मात्र कित्येक दशकं मागेच पडला. मला या इतिहासातली सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट हीच वाटते.

कोडं उलगडू लागलं ते 2004 नंतर. त्या वर्षी बर्लिनच्या संशोधकांना दिसलं, की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी स्वतःचा डीएनए बाहेर फेकून त्याच्या जाळ्यात जंतू पकडतात. 2007 साली कॅनडातल्या कॅलगरीच्या गटाने त्यात प्लेटलेट्सचा हात दाखवला. काही जंतूंच्या कवचातलं विष प्लेटलेट्सना त्यांच्या पृष्ठभागावरच्या टीएलआर-4 या रिसेप्टरमुळे (जंतूंची खूण ओळखणाऱ्या प्रथिनामुळे) जाणवतं. मग त्या न्यूट्रोफिलला जाऊन चिकटतात, आणि काही मिनिटांत न्यूट्रोफिल जाळं सोडतो. हे मुख्यतः यकृत आणि फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत घडतं, जिथे रक्त संथ वाहतं आणि जंतू अडकवणं सोपं जातं. त्याच प्रयोगात किंमतही दिसली: जंतू अडकले, पण आसपासच्या ऊतींनाही इजा झाली.

2013 साली म्युनिकच्या एंगेलमान आणि मासबर्ग यांनी याला ‘इम्युनोथ्रॉम्बोसिस’ म्हटलं. थोडक्यात, बारीक गुठळी हीसुद्धा शरीराने जंतूंची वाट अडवण्यासाठी घेतलेली भूमिका असू शकते. 2017 मध्ये म्युनिकमध्येच प्लेटलेट्स स्वतः सरकत जाऊन वाटेतले जंतू गोळा करतानाही दिसल्या.

सेप्सिसमध्ये हीच यंत्रणा आवरेनाशी होते. अंगभर सूक्ष्म गुठळ्या होतात, मूत्रपिंड आणि फुप्फुसांचा रक्तपुरवठा घटतो, आणि प्लेटलेट्स खर्ची पडत जातात. म्हणून अवयव किती बिघडलेत हे गुणांत मोजणाऱ्या 1996 च्या मूळ सोफा स्कोअरमध्ये हा आकडा आहे: दीड लाखाखाली एक गुण, वीस हजारांखाली चार. 2016 ची सेप्सिसची व्याख्याही त्याच स्कोअरवर उभी आहे.

गुठळ्याच रोखल्या तर? ही आशा स्वाभाविक होती. पण ऑस्ट्रेलियात ज्येष्ठांना रोज कमी मात्रेत ॲस्पिरिन देऊन पाहिलं, तेव्हा सेप्सिसने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. बचाव आणि इजा एकाच पेशीकडून होत असल्याने सरसकट लगाम घालणं सोपं नाही.

डेंग्यूच्या अनुभवाने शहाणी झालेली घरची मंडळी सेप्सिसमध्ये साठ हजार आकडा ऐकून ‘लगेच पिशवी चढवा’ म्हणतात. त्यांची तळमळ समजते. पण रक्तस्राव नसेल आणि एखादी शस्त्रक्रिया करायची नसेल, तर डॉक्टर साधारणपणे दहा हजारांपर्यंत, रक्तस्रावाचा धोका जास्त असेल तर वीस हजारांपर्यंत थांबतात. प्लेटलेट्स कुठे खर्ची पडताहेत ते त्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यांची आधी धडपड असते ती योग्य अँटिबायोटिक वेळेत सुरू करण्याची, आणि संसर्ग फुप्फुसात आहे, लघवीत आहे की पोटात, ते शोधून काढण्याची.