आग्रा रोडवरचा टोल : पार्श्वभूमी

घोटी, पिंपळगाव बसवंत, चांदवड. आग्रा रोडवर, म्हणजे मुंबई-आग्रा महामार्गावर, एकट्या नाशिक जिल्ह्यात हे टोलनाके आहेत. दर वाढले की आंदोलन होते, चार दिवसांनी विषय मागे पडतो. खरा प्रश्न मात्र दरापेक्षा जुना आहे. रस्त्याचे पैसे मोटारवाल्याकडून किती वेळा घ्यायचे?

टोल इंग्रजी अमलापासूनचा. १८५१ चा कायदा होता, १८७५ मध्ये मुंबई प्रांताने स्वतःचा केला. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि खडी-मुरमाच्या रस्त्यांची दैना झाली. रबरी चाकांमागे बारीक माती उडून जाई, उघडी पडलेली खडी बैलगाड्यांच्या लोखंडी धावा उखडत. दुरुस्तीचा खर्च स्थानिक मंडळांच्या आवाक्याबाहेर गेला. १९२७ साली नेमलेल्या समितीने वर्षभरात उत्तर दिले: रस्ता हा देशाचा प्रश्न आहे, त्यासाठी इंधनावर कर घ्या. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे वाढले आणि ती रक्कम रस्त्यांसाठी वेगळी काढली गेली. मुंबई प्रांतात १९३५ साली मोटार-कराचा कायदा आला, तोही स्थानिक टोलच्या बदल्यात. गाडीवर कर भरा, नाक्यावर थांबू नका, असा हा सरळ व्यवहार होता.

पुढे १९४३ ची नागपूर योजना, म्हणजे देशभरच्या रस्त्यांचा आराखडा, आणि १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला. आग्रा रोड राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३ झाला आणि बरीच वर्षे सरकारी पैशांवर चालला. १९७७ च्या दुरुस्तीने मोठ्या पुलांवर शुल्क घेता येऊ लागले, नव्वदच्या दशकात महामार्गाच्या सलग टप्प्यांवर, आणि १९९५ मध्ये खासगी कंत्राटदाराला वसुलीचा हक्क मिळाला. त्याच दशकाअखेरीस पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे एक रुपया अधिभार लागला, तोही रस्त्यांच्याच नावाने. १९३५ चा व्यवहार इथे मोडला.

चौपदरीकरण हवेच होते, कसारा घाटातली जुनी रखडपट्टी ज्यांनी भोगली ते हे नाकारणार नाहीत. तक्रार २००८ च्या शुल्क नियमांबद्दल आहे. एकाच मार्गावर, एकाच दिशेने दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतर हवे, असे नियम सांगतो. पण कारण नोंदवून ते कमी करता येते, पूल, बोगदा किंवा बाह्यवळण असेल तरीही सूट आहे. पिंपळगाव ते चांदवड हे अंतर ६० च्या जवळपासही जात नाही. अपवादच इतके सैल ठेवले, तर नियमाचा आधार कोणी घ्यायचा?

त्याहून गंभीर बदल २०२३ चा, आणि त्याची चर्चा फार कमी झाली. भांडवली खर्च वसूल झाल्यावर किंवा कंत्राटाची मुदत संपल्यावर टोल ४० टक्क्यांवर आणायचा, अशी तरतूद २००८ च्या नियमांत होती. ऑक्टोबर २०२३ च्या दुरुस्तीने ती काढून टाकली. आता पूर्ण दर चालू राहतो, वार्षिक वाढीसह. म्हणजे ‘रस्त्याचा खर्च निघेपर्यंत’ हे टोलचे मूळ समर्थनच गेले, आणि इंधनावरचा कर तर कधी थांबलाच नव्हता.

फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला, रांगा आखडल्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून २०० फेऱ्यांचा वार्षिक पास मिळू लागला, सुरुवातीला ३,००० रुपयांत, पण तो खासगी कार, जीप आणि व्हॅनला. पिंपळगावहून न्हावाशेव्याला कांदा नेणाऱ्या ट्रकला तो लागू नाही.