सेकंद: आधी कागदावर, मग घड्याळात

'एक सेकंद हं' हे आपण दिवसातून किती वेळा म्हणतो त्याला गणतीच नाही, आणि तो सेकंद कधीच एक सेकंदाचा नसतो हेही सगळ्यांना माहितीये. पण हा शब्द नीट बघितला तर विचित्रच आहे, कारण सेकंद म्हणजे सरळसरळ 'दुसरा'. दुसरा काय? आणि पहिला कुठे गेला?

पहिला म्हणजे मिनिट. लॅटिनमध्ये खगोलवाले लिहायचे 'पार्स मिनुटा प्रिमा', म्हणजे पहिला बारीक भाग, आणि त्याचे परत साठ तुकडे केले की 'पार्स मिनुटा सेकुंडा', दुसरा बारीक भाग. वापरून वापरून पहिल्याचं फक्त 'बारीक' उरलं ते झालं मिनिट, आणि दुसऱ्याचं फक्त 'दुसरा' उरलं तो झाला सेकंद, मूळ शब्द 'भाग' दोन्हीकडून गळाला. मुंबईत आपण 'सेकंडचा पास काढला' म्हणतो आणि क्लास हा शब्द खाऊन टाकतो, तसंच. मराठीत तर हा शब्द दोन वेगवेगळ्या उच्चारांनी नांदतो, वेळेचा तो सेकंद आणि डब्याचा, कॉलेजच्या वर्षाचा किंवा जुन्या गाडीचा तो सेकंड, त्यामुळे दोन्ही एकच आहेत हे आपल्या पटकन लक्षातही येत नाही. इंग्रजीत दोन्हीचं स्पेलिंग एकच, तरी तिथेही फार कुणी थांबून विचार करत असेल असं वाटत नाही.

आता यातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. ज्यांनी सेकंदाला सेकंद म्हटलं त्यांच्याकडे सेकंद मोजायचं कुठलंही साधन नव्हतं. शेकडो वर्षं हा प्रकार फक्त आकडेमोडीत होता.

साठाची भानगड बॅबिलोनची, म्हणजे आजच्या इराकची. तिथले लोक साठाच्या पटीत मोजायचे आणि त्यात सोय होती, कारण साठाला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २०, ३० यातल्या कशानेही भागा, बाकी उरत नाही. दहाने मोजणाऱ्याला तिसरा हिस्सा काढताना ३.३३३ करत बसावं लागतं, साठवाला वीस म्हणून मोकळा. ग्रीक खगोलवाल्यांनी ही पद्धत उचलली, आणि इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून टॉलेमीने ग्रहताऱ्यांचा जो मोठा ग्रंथ लिहिला त्यात अंशाचे साठ भाग, त्याचे परत साठ, असंच चालतं. त्यांना तो पहिले साठावे, दुसरे साठावे म्हणतो. लक्षात घ्या, हे अंशाचे, म्हणजे कोनाचे तुकडे, तासाचे नाहीत. आजही नकाशावर अक्षांश-रेखांश अंश, मिनिटं, सेकंदात लिहितात ते त्यामुळेच, घड्याळातून ते तिकडे गेलेले नाहीत, उलट तिकडून घड्याळात आलेत.

मग हे ग्रंथ अरबीत गेले. अरबीत मिनिटाला दकीका म्हणजे बारीक आणि सेकंदाला सानिया म्हणजे दुसरी, दुबई-मस्कतला नोकरी करणाऱ्यांच्या कानावरून हे दोन्ही शब्द रोज जात असतील. साधारण इ.स. १०००च्या सुमाराला अल-बिरूनी या मध्य आशियातल्या विद्वानाने अमावास्यांच्या वेळा काढताना तास, मिनिटं, सेकंद तर वापरलेच, पण त्याच्याही पुढे तिसरे आणि चौथे भागही वापरले. १२६७ साली इंग्लंडच्या रॉजर बेकन या विद्वान साधूने पौर्णिमांच्या वेळा दिल्या त्याही तशाच, चौथ्या भागापर्यंत. चौथा भाग म्हणजे सेकंदाचा ३,६००वा हिस्सा! त्या काळी इंग्लंडात वेळ कळायची ती सावलीवरून, पाण्याच्या घड्याळावरून नाहीतर चर्चच्या घंटेवरून. म्हणजे हे निव्वळ भागाकाराचे आकडे होते, कुणी ते मोजून पडताळलेले नव्हते.

हाच अल-बिरूनी गझनीच्या महमूदाच्या काळात भारतातही येऊन गेला आणि इथली कालगणना त्याने बारकाईने लिहून ठेवली. आपल्याकडेही साठच, पण वेगळ्या जागी लावलेला. तिकडे आधी दिवसाचे २४ तास (हे इजिप्तकडून आलेलं, बारा दिवसाचे बारा रात्रीचे) आणि मग तासाला साठ. आपल्याकडे सबंध दिवसालाच साठ, म्हणून एक घटिका २४ मिनिटांची, घटिकेची साठ पळं म्हणजे एक पळ २४ सेकंदांचं, आणि पळाची साठ विपळं. विपळ म्हणजे ०.४ सेकंद. पंचांगात तिथीपुढे घटी-पळं अजूनही छापतात, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

आणि घटिका मात्र खरोखर मोजली जायची. घंगाळात पाणी, त्यावर तांब्याची पातळ वाटी तरंगत सोडायची, वाटीच्या बुडाला बारीकसं भोक. त्यातून पाणी हळूहळू वर येतं, वाटी जड होत जाते आणि २४ मिनिटांनी गपकन बुडते. की परत रिकामी करून ठेवायची. लग्नाचा मुहूर्त असाच धरायचे, जोशीबुवा घंगाळाशी बसलेले आणि सगळ्यांचे डोळे वाटीकडे. 'घटका भरली' हे आपण आता वेगळ्याच अर्थाने म्हणतो पण ते आलंय या वाटीवरून. म्हणजे कुणी 'घटकाभर टेका' म्हणालं तर हिशोबाने २४ मिनिटं बसायला हरकत नाही. विपळ मात्र आपल्याकडेही वहीतच राहिलं, तिकडच्या तिसऱ्या-चौथ्या भागांसारखं.

युरोपात मोठी यांत्रिक घड्याळं चौदाव्या शतकात आली पण त्यांना बहुतेक तासकाटाच असायचा, आणि दिवसाला पाव तास इकडेतिकडे झालं तरी कुणाचं अडत नव्हतं. सेकंदाची खरी गरज पडली ती तारे बघणाऱ्यांना. सोळाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीतल्या कासेलच्या दरबारात योस्ट ब्युर्गी नावाच्या कारागिराने सेकंद दाखवणारं घड्याळ करून दिलं. त्याच काळात डेन्मार्कमध्ये टिको ब्राहेकडेही सेकंद दाखवणारी घड्याळं होती, पण त्याची रड अशी की ती एकमेकांशीच जुळत नाहीत, चारेक सेकंदांचा फरक पडतो.

खरा फरक पडला लंबकाने. १६५६ साली हॉलंडच्या हायगेन्स या शास्त्रज्ञाने लंबकाचं घड्याळ काढलं आणि दिवसाला पंधरा मिनिटांची चूक पंधराएक सेकंदांवर आली. लंबक साधारण ९९.४ सेंटीमीटर लांब ठेवला की त्याचा एक झोका, इकडून तिकडे, बरोब्बर एक सेकंदाचा होतो. जुन्या वाड्यांमध्ये आणि सिनेमातल्या हवेल्यांमध्ये ते माणसाएवढं उंच घड्याळ असतं ना, ते शोभेसाठी उंच नाहीये, आत मीटरभर लंबक मावायला हवा म्हणून उंच आहे. त्याची टिक म्हणजे एक सेकंद. कागदावरचा दुसरा भाग पहिल्यांदा असा घराघरात ऐकू यायला लागला.

यातही गंमत झाली. १६७२ साली जाँ रिशे हा फ्रेंच खगोलवाला दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, आणि पॅरिसमध्ये नीट चालणारं त्याचं घड्याळ तिथे रोज अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक जवळजवळ तीन मिलीमीटर आखूड करावा लागला तेव्हा ते ताळ्यावर आलं. घड्याळ ठीकच होतं, तिथे गुरुत्वाकर्षणच कमी पडत होतं, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते आणि मध्ये फुगलेली आहे. पुढे न्यूटनने हे निरीक्षण पुरावा म्हणून वापरलं.

मधे १७९३ मध्ये फ्रेंच क्रांतिवाल्यांनी साठाला हाकलून दिवसाला दहा तास, तासाला शंभर मिनिटं, मिनिटाला शंभर सेकंद असा कायदा केला. लोकांनी दाद दिली नाही, १७९५ मध्ये सक्ती गुंडाळली.

सेकंदाची व्याख्या तोवर एकच, दिवसाचा ८६,४००वा भाग. म्हणजे खरं घड्याळ पृथ्वीच. पण विसाव्या शतकात क्वार्ट्झची घड्याळं आली आणि उघडं पडलं की पृथ्वी स्वतःच वेळ पाळत नाही, ऋतूप्रमाणे थोडी मागेपुढे होते, आणि चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने एकूणात मंदावत चाललीये. मग १९५५ मध्ये इंग्लंडात टेडिंग्टनला लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियम नावाच्या धातूच्या अणूवर चालणारं घड्याळ केलं, आणि १९६७ मध्ये ठरलं की सीझियमच्या अणूची ठराविक लहर ९,१९,२६,३१,७७० वेळा हलली की झाला एक सेकंद. पृथ्वीची या कामावरून सुट्टी. १९८३ पासून तर मीटरही सेकंदावरून ठरतो, प्रकाश सेकंदाच्या २९,९७,९२,४५८व्या भागात जेवढं अंतर जातो तेवढा मीटर.

तो ९१९ कोटींचा आकडा आला कुठून? जुन्या सेकंदाशी जुळवून घेतला. पण तो जुना सेकंद बेतलेला होता अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या निरीक्षणांवर, त्यामुळे आपल्या सेकंदाच्या हिशोबातला दिवस साधारण १८२० सालचा आहे आणि पृथ्वी तेव्हापासून थोडी रेंगाळलीये. हा फरक भरून काढायला १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालतात, आत्तापर्यंत २७ वेळा घातलाय. शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला, तो ग्रीनिचच्या मध्यरात्री म्हणजे आपल्याकडे १ जानेवारी २०१७ ला पहाटे साडेपाचला, आपल्या घड्याळात ५:२९:५९ नंतर ५:२९:६० वाजले आणि मग ५:३०:००. बहुतेकजण झोपेत होते. कॉम्प्युटरना मात्र साठावा सेकंद ही कल्पनाच झेपत नाही, २०१२च्या जादा सेकंदाला मोठमोठ्या साइट आडव्या पडल्या आणि ऑस्ट्रेलियात विमानांचं चेक-इन बंद पडून प्रवासी खोळंबले.

वर आणि गेल्या काही वर्षांत पृथ्वी उलट जरा जोरात फिरतेय, म्हणजे घालायच्या ऐवजी एक सेकंद काढायची वेळ येऊ शकते, आणि तो प्रयोग तर अजून कुणी केलेलाच नाही. शेवटी २०२२ मध्ये वजन-मापांच्या जागतिक परिषदेने ठरवलं की २०३५ पर्यंत ही सेकंद-सेकंदाची जोडाजोड थांबवायची आणि फरक साठू द्यायचा, निदान शंभरेक वर्षं तरी हात लावायला लागू नये अशा बेताने. तो फरक भरून कसा काढायचा ते अजून ठरायचंय.